रब्बी राशी यांचा कुर्सीनामा

वंशावळी जुळवून देणारी संकेतस्थळे आणि घरबसल्या होणाऱ्या डीएनए-चाचण्या यांच्या जोरावर एक जुना दावा पुन्हा जोमात आला आहे. पूर्व युरोपातल्या एखाद्या ज्यू घराण्याचा वंशवृक्ष मागे नेत नेत कुठल्यातरी नामांकित रब्बीपर्यंत, म्हणजे ज्यू धर्मपंडितापर्यंत, पोचवला, की तिथून तो अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार रब्बी श्लोमो यित्झाकी, म्हणजेच ‘राशी’, यांना जाऊन मिळतो आणि त्यांच्यामार्फत बायबलमधल्या दावीद राजापर्यंत एका उडीत जातो. एक बाजू हा वृक्ष अभिमानाने मिरवते, दुसरी ‘शुद्ध थाप आहे, कागद दाखवा’ म्हणून हिणवते, आणि दोन्ही बाजूंना वाटते की वाद केवळ पुराव्याचा आहे. माझे मत आधीच सांगतो. राशी दावीदाच्या वंशातले होते हे सिद्ध करता येत नाही. आणि ते ज्या परंपरेत वाढले तिच्याच नियमांनी पाहिले, तर सिद्ध झाले तरी आजच्या दावेदारांच्या पदरात काही पडत नाही. म्हणून ती वंशावळ रद्दीत टाकावी असे मात्र मी म्हणत नाही. अकराव्या शतकाविषयी ती जवळपास मुकी आहे. पण ज्यांनी ती रचली आणि जपली, त्यांच्याविषयी ती पुष्कळ बोलते.

राशींचा जन्म १०४० साली शॅम्पेन प्रांतातल्या त्र्वा या गावी झाला. ऱ्हाइनकाठच्या माइंत्स आणि वर्म्स इथल्या विद्यापीठांत शिकून ते गावी परतले आणि ११०५ साली वारले. तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, आणि तल्मूद, म्हणजे धर्मनियमांवरच्या पंडितांच्या चर्चांचा संग्रह, यांवरचे त्यांचे भाष्य इतके रुजले, की सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हेनिसमध्ये डॅनिएल बोंबर्गच्या छापखान्यात तल्मूद छापला गेला तेव्हा मूळ मजकुराच्या आतल्या बाजूला राशींचे भाष्य बसवले गेले आणि पानाची तीच मांडणी आजतागायत चालत आली आहे. छापल्याची तारीख नोंदलेले पहिले हिब्रू पुस्तक, १४७५ साली इटलीतल्या रेज्जो कालाब्रिया इथे छापलेले, तेही त्यांचेच तोराभाष्य. एवढा अफाट मजकूर मागे ठेवणाऱ्या या माणसाने आपण दावीदाचे वंशज आहोत असे कुठेही लिहिलेले नाही. आपले मामा, माइंत्सचे रब्बी शिमोन, यांचा उल्लेख ते करतात. राजाचा करीत नाहीत. राशींच्या घराण्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा जुना रब्बिनी दस्तऐवज म्हणजे सोळाव्या शतकातले पोलंडचे धर्मपंडित श्लोमो लुरिया यांचे एकोणतिसावे धर्मनिर्णयपत्र. त्यातही हा दावा नाही. प्रचलित वंशावळ सांगते की राशी हे दुसऱ्या शतकातले रब्बी योहानान ‘हा-सांदलार’ यांच्यापासून तेहतिसावे, योहानान हे रब्बान गमलिएल यांच्यापासून चौथे, गमलिएल हे थोर धर्मपंडित हिल्लेलच्या घराण्यातले आणि हिल्लेल दावीदाच्या. योहानानपासून राशींपर्यंतच्या सुमारे नऊशे वर्षांत तेहतीस पिढ्या, म्हणजे पिढीला सरासरी सत्तावीस वर्षे. हिशेब अगदी बेताचा बसतो. पण हिशेब बसणे आणि समकालीन कागद असणे यांत फार अंतर आहे, आणि या नऊशे वर्षांसाठी तसा कागद कुणालाही दाखवता आलेला नाही.

दावा मानणाऱ्यांची बाजू दुबळी आहे असे समजणे हाही अन्याय होईल. त्यांचा पहिला मुद्दा असा, की ज्या समाजाचे कागद वारंवार जाळले गेले त्याच्याकडे कागदाचा हट्ट धरणे क्रूरपणाचे आहे. १०९६ साली पहिल्या धर्मयुद्धाच्या झुंडींनी राशी जिथे शिकले त्या वर्म्स आणि माइंत्सच्या वस्त्या कापून काढल्या. १२४२ साली पॅरिसमध्ये तल्मूदाची हस्तलिखिते गाड्या भरभरून जाळली गेली. १३०६ साली फ्रान्सच्या राजाने ज्यूंना देशाबाहेर काढले. अशा वेळी दप्तर कोण सांभाळणार? दुसरा मुद्दा त्याहून वजनदार आहे. दावीदाच्या नावाने ओळखली जाणारी घराणी ही काही अठराव्या शतकातली टूम नव्हे. १९९३ साली तेल दान इथे सापडलेल्या इसवी सनपूर्व नवव्या शतकातल्या अरामी शिलालेखात, शत्रूच्या तोंडून का होईना, ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख येतो. नबुखद्नेस्सराने धरून नेलेल्या यहोयाखीन राजाला आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल द्यायचे, याच्या शिधानोंदी बाबिलोनच्या उत्खननात मिळालेल्या मातीच्या पाट्यांवर आहेत. पुढे हजार-बाराशे वर्षे बाबिलोनी ज्यूंचे प्रमुख याच कुळाचे म्हणून मान घेत राहिले. बाराव्या शतकातला प्रवासी तुदेलाचा बेन्यामिन बगदादचे प्रमुख दानिएल बेन हिस्दाय यांच्याविषयी लिहितो, की ते खलिफाच्या भेटीला घोड्यावरून निघाले की पुढे भालदार ‘दावीदपुत्र आमच्या स्वामींना वाट द्या’ असा पुकारा करीत. दक्षिण फ्रान्समधल्या नार्बोनचे नासी, म्हणजे ज्यूंचे प्रमुख, कालोनिमोस हेही दावीदवंशीय म्हणून त्याने नोंदवले आहेत. म्हणजे राशींच्या आगेमागे, त्यांच्याच देशाच्या दक्षिण टोकाला, असा मान सांगणारी घरे होती.

हे सर्व मला मान्य आहे, आणि तरीही त्यातून राशींपुरते काहीच निघत नाही. कागद जळाले ही गोष्ट खरी; पण जळालेल्या कागदावर काय लिहिले होते हे राखेवरून ठरत नाही. शिवाय राशींचा स्वतःचा कागद जळालेलाच नाही. तो जगभर छापला गेला आणि त्यात हा दावा नाही. बगदादच्या प्रमुखांचा मान त्र्वाच्या भाष्यकाराच्या नावावर कसा चढवता येईल? उलट हा पुरावा दावेदारांना अडचणीचाच आहे, कारण ज्यांना दावीदवंशाचा मान होता ते तो चारचौघांत, भालदारांच्या तोंडून, पुकारून घेत होते. राशी यांना तो असता तर त्यांच्या नातवांनी, शिष्यांनी, विरोधकांनी, कुणीतरी तो शब्द उच्चारला असता. आणि हिल्लेलपर्यंतची वरची साखळी तरी कितपत भरवशाची आहे? बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय दावीदाचा वंश बाबिलोनहून परतलेल्या जरुब्बाबेलच्या पुढे काही पिढ्या नेतो आणि थांबतो. तिथून इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या हिल्लेलपर्यंत मोठी पोकळी आहे. यरुशलेमी तल्मूद ती एका वाक्यात भरून काढतो: यरुशलेमेत वंशावळीची गुंडाळी सापडली, तीत लिहिले होते की हिल्लेल दावीदाचा.

या ठिकाणी थोडे थांबावे असा एक प्रसंग त्याच तल्मुदात आहे. मिश्ना, म्हणजे तल्मुदाचा पाया असलेली धर्मनियमांची संहिता, तिचे संकलक रब्बी यहुदा हा-नासी हे हिल्लेलच्या घराण्याचे मुकुटमणी. ते विनयाने म्हणत, की बाबिलोनचे प्रमुख रव हूना इथे आले तर मी त्यांना माझ्यापेक्षा वरच्या आसनावर बसवीन, कारण ते पुरुषांच्या बाजूने यहुदा वंशातले आहेत आणि मी बेन्यामिन वंशातला, दावीदाशी माझे नाते बायकांच्या बाजूने. एके दिवशी रब्बी हिय्या आत येऊन म्हणाले, ‘रव हूना बाहेर आलेत.’ यहुदा हा-नासींचा चेहरा पडला. मग हिय्यांनी पुस्ती जोडली: ‘त्यांची शवपेटी आली आहे.’ विनय बोलायला सोपा, आसन सोडायला अवघड, हे तर त्यातून दिसतेच. पण आपल्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ज्या घराण्यातून राशींना दावीदापर्यंत नेले जाते, त्या घराण्याच्या सर्वांत थोर पुरुषाने आपले दावीदाशी नाते आईकडून आहे असे कबूल केले आहे, आणि आईकडचे नाते बापाकडच्या नात्यापेक्षा खालचे आहे हेही.

आता हाच नियम राशींनंतरच्या पिढ्यांना लावून पाहावा. ज्यू धर्मशास्त्रात माणूस ज्यू आहे की नाही हे आईवरून ठरते. पण तो कोणत्या वंशातला, याजककुळातला की राजकुळातला, हे बापावरून ठरते. राशींना मुलगा नव्हता. योखेवेद, मिर्याम आणि राहेल या तीन मुलींपासूनच त्यांचा वंश पुढे गेला. योखेवेदचे मुलगे रश्बाम आणि रब्बेनू ताम हे बाराव्या शतकातले दिग्गज पंडित झाले, आजोबांशी जाहीर मतभेद करण्याइतके. पण कुळाच्या नियमाने ते त्यांचे वडील रब्बी मेइर यांच्या घरचे. तेव्हा राशी दावीदाचे अगदी थेट, पुरुषपरंपरेने, मोहोरबंद वंशज होते असे घटकाभर मानले, तरी राशींमार्फत दावीदाचे राजकुळ सांगणारा प्रत्येक माणूस पहिल्याच पायरीवर नियमाबाहेर जातो. दावेदार हे सहसा सांगत नाहीत. टीकाकारही विचारत नाहीत, याचे मला अधिक आश्चर्य वाटते. कागद मागण्याच्या भरात कागदाशिवाय सुटणारा प्रश्न त्यांच्या नजरेतून निसटतो.

‘राजकुळ राहू द्या, रक्ताचे नाते तर आहे ना?’ असा यावर प्रतिप्रश्न येतो. असेल; पण मग ते कुणाचे नाही? राशींपासून आजवर सुमारे तीस पिढ्या झाल्या. प्रत्येक पिढीत पूर्वज दुप्पट होत गेले, तर तीस पिढ्या मागे एका माणसाच्या पूर्वजांच्या जागा १०७ कोटींहून अधिक भरतात, आणि तेवढी माणसे त्या काळी साऱ्या पृथ्वीवर नव्हती. अर्थात तेच तेच पूर्वज अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. त्यात पूर्व युरोपातल्या ज्यूंचा समाज मध्ययुगात फार आकसला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्या अरुंद टप्प्यावरची प्रजननक्षम लोकसंख्या जेमतेम साडेतीनशेच्या घरात काढली आहे. इतक्या लहान समाजात ज्याचा वंश टिकला तो बघता बघता सर्वांचा पूर्वज होतो. राशींची पणतवंडे-खापरपणतवंडे टिकली असतील, तर आज न्यूयॉर्कमधला रब्बी आणि त्याच्या शेजारचा ज्यू शिंपी यांत राशींचा वंशज कोण हा प्रश्नच उरत नाही, दोघेही. फरक एवढाच, की एकाच्या घरी नावांची यादी आहे. दावीद तर त्याच्याही दोन हजार वर्षे मागचा. तिथवर गेल्यावर रक्ताचा दावा खोटा ठरत नाही, तो निव्वळ निरुपयोगी ठरतो.

मग लोकांना तो हवासा का वाटला? हा प्रश्न हिणवणाऱ्यांनी विचारायला हवा होता, आणि इथेच त्यांची चूक होते. मध्ययुगीन युरोप हा कुर्सीनाम्यांचा युरोप होता. फ्रँक राजांनी आपले मूळ ट्रॉय नगरीत शोधले होते. शार्लमेनच्या दरबारातला विद्वान अल्क्विन आपल्या सम्राटाला पत्रांतून ‘दावीद’ म्हणूनच हाक मारी, आणि इस्राएलच्या राजाचा वारसा फ्रँकांकडे आला आहे असे त्या दरबारात मनापासून मानले जाई. जॉर्जियाचे बागरातिओनी राजे स्वतःला दावीदवंशीय म्हणवीत. इथिओपियात १२७० साली सत्तेवर आलेल्या घराण्याने दावीदाचा मुलगा शलमोन आणि शेबाची राणी यांच्यापासून आपली उत्पत्ती सांगितली, आणि हा दावा १९५५ सालच्या संविधानातही कायम राहिला. ज्या राजाचे नाव परक्यांनी आपापल्या सिंहासनाला जोडले, त्याच्या स्वतःच्या लोकांनी मात्र, ज्यांच्याकडे ना जमीन ना तलवार, ते आपल्या सर्वांत मोठ्या पंडिताला जोडले, तर त्यात अजब ते काय? सत्ताधाऱ्यांच्या कल्पित वंशावळीला ‘राजकीय विचारसरणी’ म्हणायचे आणि परागंदा समाजाच्या वंशावळीला ‘थाप’ म्हणायचे, हा न्याय कुठला?

आयबेरियात तर वंशावळ ही ढाल झाली होती. १४४९ साली तोलेदोमध्ये ‘रक्तशुद्धी’चा पहिला मोठा फतवा निघाला आणि ज्यू पूर्वज असलेल्या ख्रिस्ती लोकांनाही पदे बंद झाली. अशा वातावरणात राजकारणी पंडित इसाक अब्रावानेल आपले कुळ दावीदाचे असे लिहितात, तेव्हा ते बढाई मारत नसतात. तुम्ही ज्याला डाग म्हणता तो राजमुकुट आहे, असे उत्तर देत असतात. त्या रक्तशुद्धीची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारले. १५८० साली धर्मन्यायासनाने त्यांची हाडे उकरून जाळली, कारण हा बाप्तिस्मा घेतलेला माणूस आतून ज्यूच होता असा निवाडा झाला. जिथे पूर्वजांवरून मेलेल्या माणसालाही शिक्षा होते, तिथे जिवंत माणसाने चांगला पूर्वज शोधला म्हणून त्याला हसणे मला जमणार नाही.

तरीही समजून घेणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे. राशींच्या नावावर नंतरच्या लोकांनी पुष्कळ गोष्टी चढवल्या. ‘राशी लिपी’ म्हणून जी ओळखली जाते ती राशींनी कधी वापरली नाही. ते स्पेनकडचे अर्धलपेटीचे वळण छापखानेवाल्यांनी भाष्य मूळ मजकुरापासून वेगळे दिसावे म्हणून घेतले. वर्म्समध्ये ‘राशींची शाळा’ म्हणून जी वास्तू दाखवतात ती त्यांच्या मृत्यूनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी, १६२४ साली बांधली गेली. कुणी म्हणत नाही की ही लिपी आणि ही वास्तू खोटी आहे; ती अनुक्रमे छपाईच्या इतिहासाची आणि सतराव्या शतकातल्या वर्म्सची खरी साधने आहेत. वंशावळीलाही हाच न्याय लावावा. पंधराव्या-सोळाव्या शतकापासून लुरिया, त्रेवेस यांसारख्या घराण्यांना राशींशी नाते सांगावेसे वाटले, सोयरीक जुळवताना त्या नात्याला मोल आले, हे त्या समाजाचे जिवंत चित्र आहे. त्या चित्रावर १०४० सालची तारीख घालू नये, एवढेच म्हणणे आहे.

वंशाला या परंपरेत मोल नव्हतेच, असे गोड विधान मी करणार नाही. रब्बान गमलिएल यांना पदच्युत केले तेव्हा रब्बी अकिवा यांना डावलले गेले, कारण त्यांच्या पाठीशी पूर्वजांचे पुण्य नव्हते. पद गेले बायबलमधल्या धर्मशास्त्री एज्राच्या दहाव्या पिढीतल्या अठरा वर्षांच्या तरुणाकडे. पण त्याच तल्मुदात उलटा प्रवाह अधिक जोरकस आहे. अनौरस माणूस विद्वान असेल तर अडाणी महायाजकापेक्षा त्याचा मान आधी, असे मिश्ना स्पष्ट सांगते. शमाया आणि अवताल्योन हे परधर्मीयांचे वंशज. एका महायाजकाने त्यांना जन्मावरून टोमणा मारला, तेव्हा ते म्हणाले, की आद्य महायाजक अहरोनासारखे वागणारे परक्यांचे वंशज सुखरूप येवोत, अहरोनासारखे न वागणारा अहरोनाचा वंशज न येवो. याच दोघांचा शिष्य हिल्लेल. आणि खुद्द दावीद? त्याची पणजी रूथ मवाबी होती, आणि मवाबी माणसाला मंडळीत प्रवेश नाही असे तोरा सांगते. याच मुद्द्यावर शौल राजाच्या पदरच्या दवेगाने दावीदाची लायकी काढली, आणि हा निषेध मवाबी पुरुषांना आहे, स्त्रियांना नाही, असा अर्थ लावून त्याला वाचवावे लागले, अशी चर्चा तल्मुदात आहे. ज्याच्या नावाने वंशशुद्धी मिरवायची त्याचा स्वतःचा वंश पंडितांच्या अर्थनिर्णयावर टेकलेला आहे, हे मिरवणाऱ्यांच्या लक्षात येत नसेल काय?

राशी आणि दावीद यांचे खरे, तपासता येणारे नाते याच अर्थनिर्णयाचे आहे. दुसऱ्या स्तोत्रावर भाष्य करताना राशी म्हणतात, की आपल्या पूर्वसूरींनी हे स्तोत्र मशीहाविषयी, म्हणजे येणाऱ्या तारणहार राजाविषयी, लावले आहे, परंतु सरळ अर्थाने ते स्वतः दावीदाविषयीच लावणे योग्य. दावीदाला अभिषेक झाल्याचे ऐकून पलिष्टी चालून आले, तो हा प्रसंग. ख्रिस्ती जग त्या स्तोत्रात येशूला वाचत होते, त्याला हे उत्तर होते, हे उघड आहे. काही हस्तलिखितांत तसे नमूदही आहे. पण त्यासाठी राशींनी स्वतःच्या परंपरेचे भव्य मशीहाई वाचन बाजूला ठेवले आणि राजाला एका ठरावीक लढाईच्या तोंडाशी उभे केले. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात रिबकेला ‘याकोब आणि एसाव यांची आई’ म्हटले आहे. हे वाचकाला आधीच ठाऊक असताना पुन्हा का सांगितले? राशींची टीप एवढीच: हे आपल्याला काय शिकवते, मला माहीत नाही. नात्यागोत्याच्या एका जादा तपशिलापुढे हात टेकून तसे लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या नावावर दोन हजार वर्षांची अखंड यादी चढवणे हे त्याच्या पद्धतीच्या विरुद्ध आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा: मानू द्या की त्यांना, कुणाचे काय बिघडते? याचे उत्तर मराठी बोलणाऱ्या एका समाजाकडे आहे. कोकणातले बेने इस्राएल आपले मूळ नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांत सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’, आणि त्यांची आडनावे पेणकर, किहीमकर, अष्टमकर, चेऊलकर अशी गावांवरून पडलेली. १९४८ नंतर त्यांतले हजारो इस्राएलला गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्राएलांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शतकानुशतके शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे निर्बंध पाळणाऱ्या लोकांना आजी-पणजीचे दाखले मागितले गेले, आणि हे मागणारे अशा विद्याविश्वात वाढले होते जिथे नामवंत घराण्यांचे वृक्ष राशींपर्यंत विनाचौकशी पोचत. लोक रस्त्यावर उतरले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. त्या ठरावासाठी कुणालाही नवगावच्या सात जोडप्यांचा कुर्सीनामा सादर करावा लागला नाही.